वाचकांचे प्रश्न : स्टेडियम संघाचे, कर्ज काउंटीचे

अमेरिकेतील एनएफएल या 32 संघांच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या स्टेडियमांवर सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चाविषयी अमेरिकेतील आणि महाराष्ट्रातील वाचकांनी प्रश्न विचारले आहेत. त्यांपैकी काही प्रश्न उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : आम्ही ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ ब्लू अॅश येथे राहतो. नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी मिक्सरच्या पावतीवरचा विक्रीकर पाहून हा पैसा कुठे जातो असे विचारले. त्यातला अर्धा टक्का स्टेडियमसाठी जातो एवढेच मला सांगता आले. आमच्या घरातील कुणीही आजवर सामना पाहायला गेलेले नाही. हा कर लागला कसा, आणि इतक्या वर्षांनंतरही तो का चालू आहे?

उत्तर : आपल्या हॅमिल्टन काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) व्यवहार अमेरिकेतील स्टेडियम करारांच्या चर्चेत आजही वाईट उदाहरण म्हणून सांगितला जातो, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. नोव्हेंबर 1995 मध्ये ओहायोतल्याच क्लीव्हलँड शहराचा ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा त्याच्या मालकांनी केली आणि राज्यभर खळबळ उडाली. नवे स्टेडियम मिळाले नाही तर आपला संघही शहर सोडू शकतो, अशी भीती सिनसिनाटी बेंगल्सच्या बाबतीत लोकांना वाटू लागली होती. त्याच वातावरणात मार्च 1996 मध्ये मतदान झाले आणि विक्रीकरात अर्ध्या टक्क्याची वाढ मतदारांनी मोठ्या बहुमताने मंजूर केली. त्यातून फुटबॉलसाठी एक आणि बेसबॉलसाठी एक अशी दोन स्टेडियम बांधायची होती, आणि घरमालकांना मालमत्ता करात सवलत देण्याचे आश्वासनही त्याच प्रस्तावात होते. कर वाढेल पण घरपट्टी कमी होईल, हा हिशेब अनेकांना पटला. फुटबॉलचे स्टेडियम 2000 साली सुरू झाले. त्याचे आजचे नाव पेकोर स्टेडियम असे आहे.

100 डॉलरच्या खरेदीवर 50 सेंट ही रक्कम लहान दिसते. ओहायोत घरी नेण्याच्या किराण्यावर विक्रीकर नाही. परंतु मुलांचे बूट, स्वयंपाकाची भांडी, फर्निचर यांवर तो आहे, आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला तो कमाईच्या मानाने जास्त जड जातो. कर लावणे ही या गोष्टीची केवळ सुरुवात होती. खरे नुकसान 1997 मध्ये काउंटीने संघाशी केलेल्या भाडेकराराने केले. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला तो काउंटीच्या माथी आला. संघाने भाडे द्यायचे ते फक्त सुरुवातीची काही वर्षे. त्यानंतर सामन्याच्या दिवसाचा खर्चही काउंटीकडे वळला. देखभाल आणि सुधारणा यांचा भार तर काउंटीवर होताच, शिवाय लीगमधील इतर 14 स्टेडियममध्ये एखादी नवी सुविधा आली की ती इथेही काउंटीने पुरवायची, असे कलम होते. त्या कलमात भविष्यातील सुविधांची जी यादी दिली होती, तीत खेळाची होलोग्राफिक पुनर्दृश्ये दाखवणारी यंत्रणा आणि स्टेडियम आपोआप स्वच्छ करणारी यंत्रे यांचा उल्लेख आहे. अस्तित्वातच नसलेल्या यंत्रांचा खर्च लोकनियुक्त प्रतिनिधींनी करदात्यांच्या नावावर लिहून दिला, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी चीड आणणारी आहे.

पुढे काय झाले ते यावरून लक्षात येईल. विक्रीकराचे उत्पन्न अपेक्षेच्या वेगाने वाढले नाही, 2008 च्या मंदीने ते आणखी ढासळले, आणि स्टेडियम निधीत तूट आली. घरमालकांना कबूल केलेली मालमत्ता करातील सवलत अनेक वर्षे कमी करण्यात आली. काउंटीच्या मालकीचे ड्रेक रुग्णालय विकण्याची वेळ आली, आणि त्यामागे स्टेडियम निधीतली ही तूट होती. हा करार घडवून आणण्यात पुढाकार घेणारे काउंटी आयुक्त बॉब बेडिंगहॉस 2000 च्या निवडणुकीत पराभूत झाले. त्यांच्या जागी आलेले टॉड पोर्च्यून यांनी संघ आणि लीग यांच्याविरुद्ध मक्तेदारी कायद्याखाली दावा लावला. पण दावा दाखल करण्याची मुदत उलटून गेली आहे, असे म्हणून न्यायालयांनी तो फेटाळला. कर अजून चालू आहे तो कर्जाचे हप्ते, दुरुस्त्या आणि नव्या सुधारणा हे सगळे त्यातूनच भागवावे लागते म्हणून.

प्रश्न : संघांचे मालक अब्जाधीश असतात आणि लीगला टीव्हीकडून प्रचंड पैसा मिळतो, असे वाचले. मग स्टेडियम त्यांनी स्वतः का बांधू नये? सरकार त्यांच्यापुढे इतके हतबल का? (सोलापूर)

उत्तर : बांधता येते, आणि काहींनी बांधलेही आहे. लॉस एंजेलिसजवळचे सोफाय स्टेडियम रॅम्स संघाचे मालक स्टॅन क्रोंकी यांनी खासगी पैशातून उभे केले आणि न्यूयॉर्कच्या दोन संघांचे मेटलाइफ स्टेडियमही खासगी खर्चातून झाले. पैशाची अडचण नाही हे ग्रीन बे पॅकर्सच्या हिशेबावरून कळते. या संघाची मालकी सामान्य भागधारकांकडे असल्यामुळे तो दरवर्षी आपला ताळेबंद जाहीर करतो. मार्च 2024 ला संपलेल्या आर्थिक वर्षात लीगच्या सामायिक उत्पन्नातून त्याला सुमारे 40 कोटी डॉलर मिळाले. हे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते, तेव्हा बाकीच्या 31 संघांनाही तेवढेच मिळाले असे धरायला हरकत नाही.

तरीही सरकारे पैसे देतात, कारण संघ किती असावेत आणि कुठे असावेत हे लीग ठरवते आणि संघ हवा असलेली शहरे नेहमीच जास्त असतात. सेंट लुइसचे उदाहरण पाहा. तेथे सार्वजनिक कर्जरोख्यांतून बंदिस्त स्टेडियम बांधून 1995 मध्ये रॅम्स हा संघ आणला गेला. ठरलेल्या वर्षी आपले स्टेडियम लीगमधील सर्वोत्तम पाव भागात नसेल तर संघ करारातून मोकळा होईल, अशी अट त्या करारात होती. 2013 मध्ये लवादाने संघाच्या बाजूने निर्णय दिला. संघाने मागितलेल्या सुधारणांचा खर्च सुमारे 70 कोटी डॉलर होता आणि तो करण्यास शहराने नकार दिला. जानेवारी 2016 मध्ये संघाला लॉस एंजेलिसला जाण्याची परवानगी मिळाली. राज्य, शहर आणि काउंटी मात्र त्यानंतरही काही वर्षे हप्ते फेडत राहिली. पुढे शहर आणि काउंटीने दावा लावला आणि 2021 मध्ये लीग व रॅम्स यांनी 79 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, हे खरे. पण असा न्याय फार क्वचित पदरात पडतो. सिअॅटलचे किंगडोम स्टेडियम मार्च 2000 मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले आणि त्याचे कर्ज 2015 पर्यंत फेडले जात होते.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. शहरे जे कर्जरोखे काढतात त्यांच्या व्याजावर केंद्रीय आयकर माफ असतो, त्यामुळे व्याजदर कमी पडतो आणि फरकाची रक्कम केंद्रीय तिजोरी, म्हणजे देशभरचे करदाते, सोसतात. 1986 च्या कर सुधारणा कायद्याने ही सवलत रोखण्यासाठी अट घातली की कर्जफेडीचा 10 टक्क्यांहून अधिक भाग स्टेडियमच्या खासगी उत्पन्नातून येत असेल तर सवलत नाही. या अटीमुळे शहरे स्वतःचे पैसे घालणे थांबवतील, अशी अपेक्षा होती. झाले उलटेच : सवलत टिकवण्यासाठी शहरांनी संघाकडून भाडे कमी घेतले आणि कर्ज सर्वसाधारण करांतून फेडले. ब्रुकिंग्ज संस्थेच्या 2016 च्या अभ्यासानुसार 2000 सालापासून बांधलेल्या वा मोठ्या प्रमाणावर सुधारलेल्या सर्व प्रमुख खेळांच्या 45 स्टेडियमांपैकी 36 स्टेडियमांनी असे करमुक्त रोखे वापरले, आणि केंद्राचे त्यात सुमारे 320 कोटी डॉलरचे नुकसान झाले. म्हणून कॅलिफोर्नियात वा न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी वाचकांचाही या खर्चात वाटा आहे.

प्रश्न : स्टेडियममुळे रोजगार आणि व्यापार वाढतो, असे प्रत्येक प्रस्तावात म्हटलेले असते. यात तथ्य किती? (अर्थशास्त्राचे प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : फारसे नाही. अर्थशास्त्रज्ञ सहसा कोणत्याही प्रश्नावर एकमताने बोलत नाहीत, पण या प्रश्नावर जवळपास एकमत आहे. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट यांनी 1997 मध्ये संपादित केलेल्या अभ्यासात स्थानिक अर्थव्यवस्थेला लक्षणीय लाभ आढळला नाही. 2017 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एका केंद्राने नामवंत अर्थशास्त्रज्ञांना विचारले असता, करदात्यांचा खर्च लाभापेक्षा बहुधा जास्त असतो, असे त्यांच्यातील प्रचंड बहुसंख्येने सांगितले. कारण सरळ आहे. तिकिटावर खर्च झालेला पैसा त्याच गावातल्या सिनेमागृहातून, उपाहारगृहातून किंवा दुकानातून वळवलेला असतो; नवा पैसा थोडाच येतो. फुटबॉलच्या बाबतीत हे आणखी तीव्र आहे, कारण नियमित हंगामात एका संघाचे घरचे सामने जेमतेम आठ किंवा नऊ होतात. खेळाडूंचे वेतन आणि मालकाचा नफा बऱ्याच अंशी गावाबाहेर जातो. संघामुळे शहराला वाटणारा अभिमान मात्र खरा असतो आणि त्याची किंमत शून्य धरणे योग्य नाही. मात्र त्या अभिमानासाठी पैसे द्यायचे असतील तर ते त्याच नावाने मागावेत, रोजगाराच्या नावाने मागू नयेत.

प्रश्न : लास वेगासमध्ये स्टेडियमसाठीचा पैसा हॉटेलच्या खोल्यांवरील करातून आला, म्हणजे तो पाहुण्यांनी दिला. मग स्थानिकांचे काय गेले?

उत्तर : लास वेगासपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे, कारण तिथे पाहुणे खरोखरच प्रचंड संख्येने येतात. नेवाडा विधिमंडळाने 2016 च्या खास अधिवेशनात खोल्यांवरील करात 0.88 टक्के अंशांची वाढ करून 75 कोटी डॉलर उभारण्यास मंजुरी दिली. परंतु त्या उत्पन्नावर काढलेल्या रोख्यांमागे क्लार्क काउंटीची हमी आहे. 2020 मध्ये महासाथीमुळे हॉटेले ओस पडली तेव्हा हप्ता भागवण्यासाठी राखीव निधीत हात घालावा लागला. शिवाय खोल्यांवरील कर वाढवण्याला मर्यादा असते. जो वाढीव भाग स्टेडियमला दिला तो शाळांना किंवा रस्त्यांना देता येत नाही. नॅशव्हिलने टायटन्स संघाच्या नव्या स्टेडियमसाठी 126 कोटी डॉलर सार्वजनिक पैसा मान्य केला, त्यातही हॉटेल कराचा आधार घेतला आहे. लास वेगासइतका पाहुण्यांचा ओघ ज्या शहराला नाही, त्याने हा मार्ग तपासून घ्यावा.

प्रश्न : आपल्याकडे असा धोका आहे का? पुण्याचा फुटबॉल संघही गेलाच की. (पुणे)

उत्तर : इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी संघ 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्याच वर्षी दिल्लीचा संघ भुवनेश्वरला गेला. पण पुण्याचा संघ ज्या बालेवाडी क्रीडासंकुलात खेळत असे, ते 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले होते. संघासाठी म्हणून काढलेले कर्ज मागे उरले नाही, आणि मैदान इतर खेळांच्या उपयोगी पडत राहिले. एका व्यावसायिक संघाच्या मागणीनुसार सरकारने कर्ज काढून मैदान बांधण्याची वेळ आपल्याकडे आलीच, तर सेंट लुइसचा करार आधी वाचावा.

प्रश्न : आमच्या भागात असा प्रस्ताव आला तर सामान्य मतदाराने नेमके काय पाहावे? (कॅन्सस सिटी परिसर)

उत्तर : आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. एप्रिल 2024 मध्ये मिसुरीतील जॅक्सन काउंटीत फुटबॉलचा चीफ्स आणि बेसबॉलचा रॉयल्स या दोन संघांसाठी विक्रीकर पुढची 40 वर्षे चालू ठेवण्याचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे 58 टक्के मतांनी फेटाळला. तीन महिन्यांच्या आतच शेजारच्या कॅन्सस राज्याने विशेष रोख्यांचा कायदा करून दार उघडले, आणि डिसेंबर 2025 मध्ये चीफ्सने तिकडे जाण्याचा निर्णय जाहीर केला. एका काउंटीने ठाम राहून भागत नाही, हे त्यातून दिसले. शेजारी राज्यांनी एकमेकांवर बोली लावणार नाही असे आपसात ठरवल्याशिवाय संघांचे पारडे जडच राहील.

मतदाराने प्रस्तावाचे रंगीत चित्र बाजूला ठेवून कराराचा मसुदा मागावा, आणि मतदानाआधी तो जाहीर होत नसेल तर तेवढ्या कारणाने विरोध करावा. सर्वांत आधी वाढीव बांधकाम खर्च कुणाचा ते पाहावे. बफेलो बिल्सच्या नव्या स्टेडियमला न्यूयॉर्क राज्याने 60 कोटी आणि एरी काउंटीने 25 कोटी डॉलर दिले, ही रक्कम फार मोठी आहे यात शंका नाही. पण त्यापुढील वाढ संघाने सोसायची असे ठरले. 140 कोटींचा मूळ अंदाज पुढे 200 कोटींच्या वर गेला, तेव्हा वाढीचा बोजा संघावर पडला. हॅमिल्टन काउंटीने 1997 मध्ये एवढे एक कलम जरी घालून घेतले असते तरी पुष्कळ वाचले असते. दुसरे म्हणजे भाडेकराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असता कामा नये, आणि संघ आधी गेला तर उरलेले कर्ज संघाने फेडावे. दुरुस्तीची जबाबदारी, तसेच मैफली व इतर कार्यक्रमांचे उत्पन्न कुणाचे, हेही तिथेच लिहिलेले असते. हॅमिल्टन काउंटीने जून 2025 मध्ये बेंगल्सशी नवा करार मंजूर केला. सुमारे 47 कोटी डॉलरच्या नूतनीकरणात काउंटीचा वाटा 35 कोटींपर्यंत आहे. ब्लू अॅशच्या आमच्या वाचक भगिनींनी त्याची प्रत काउंटीकडून मागवून दुरुस्तीची कलमे स्वतः वाचावीत.