डीएसएमचं नंतर बघू, आधी यादी मागा

सर, तुमची पोस्ट दुपारी वाचली. बी.एस्सी. बी.एड., 16 वर्षं सेवा, संस्थेच्या तीन अनुदानित माध्यमिक शाळा, तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक पुढच्या मे अखेर निवृत्त होणार, आणि तोवर डीएसएम (शालेय व्यवस्थापन पदविका) करावं, एम.एड. करावं की शिक्षणशास्त्रात एम.ए. करावं, असा तुमचा प्रश्न. हे सगळं नेहमीचंच. मी अडकले ते शेवटच्या ओळीवर. जाता जाता तुम्ही लिहिलंय, "सेवाज्येष्ठता यादीत माझा दुसरा नंबर आहे असं ऐकलंय."

ऐकलंय? सोळा वर्षांत डोळ्यांनी बघितलं नाही? रागवू नका. मी तर दरवर्षी बघून सही करायचे, तरी वाचली कधीच नाही. म्हणून हे जरा लांबण लागेल.

पात्रतेचं दोन ओळीत उरकते. खाजगी शाळांसाठी 1977 चा सेवाशर्तींचा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे, त्यातला नियम 3 वाचा. माध्यमिकच्या मुख्याध्यापकाला पदवी, बी.एड. किंवा समकक्ष, पदवीनंतर पाच वर्षं पूर्णवेळ शिकवण्याचा अनुभव आणि त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची, एवढंच लागतं. डीएसएम त्यात नाही, एम.एड. नाही, एम.ए. नाही. अट पूर्ण करणाऱ्यांतला सर्वांत ज्येष्ठ आणि समाधानकारक सेवा असलेला शिक्षक, ही ओळ महत्त्वाची. आणि संस्थेच्या एकाहून जास्त शाळा असतील तर ज्येष्ठता सगळ्या शाळांची मिळून धरतात (रात्रशाळा सोडून). तेव्हा तुम्ही ऐकलेला "दुसरा नंबर" तुमच्या शाळेतला की संस्थेतला, हे आधी विचारा. बाकी दोन शाळांत तुमच्याहून जुनी चार माणसं निघाली तर डीएसएम काय, पीएच.डी. करूनही पुढच्या जूनमध्ये खुर्ची मिळणार नाही.

आता माझं रामायण.

मी 1996 ला नुसत्या बी.एस्सी.वर लागले. नोकरीत असतानाच बी.एड. केलं, निकाल लागला 30 जून 1998 ला. माझ्यानंतर एक सर आले, बी.एड. होऊनच आलेले, रुजू 13 जुलै 1998. प्रशिक्षित पदवीधर म्हणून मी त्यांच्या 13 दिवस पुढे. नियमावलीतल्या अनुसूची फ (ज्येष्ठता कशी धरायची ते सांगणारी) मधल्या क प्रवर्गात, म्हणजे प्रशिक्षित पदवीधरांत, तुम्ही कुठल्या तारखेला शिरलात यावर सगळा खेळ असतो, एकूण सेवा किती यावर नाही. मी दोन वर्षं आधी लागले होते याचा इथे काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो त्या 13 दिवसांचा.

आमच्या तेव्हाच्या क्लार्कने सेवापुस्तकात नोंद करताना गुणपत्रक बघितलंच नाही. माझं पदवी प्रमाणपत्र पदवीदानानंतर, मार्च 1999 मध्ये हातात आलं. मी ते कौतुकाने ऑफिसात दाखवायला नेलं आणि त्याने त्यावरची तारीख उचलून लिहिली: बी.एड. उत्तीर्ण, मार्च 1999. झालं. कागदावर मी त्या सरांच्या आठ महिने मागे गेले.

यादी दरवर्षी निघायची. शिपाई वर्गाच्या दारात यायचा, हाताखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यावर यादी, पेन दोरीने बांधलेलं. फळ्यावर अर्धं गणित, मागच्या बाकावर गोंधळ, अशात "बाई, इथं सही." मी एका हातात खडू धरून दुसऱ्या हाताने सही ठोकायची. माझं नाव त्या सरांच्या खाली आहे हे मला दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, ते वयाने मोठे आहेत, म्हणून असेल. (हसू नका. वयाचा प्रश्न प्रवर्गातली तारीख एकच असली तर येतो, हे मला 47 व्या वर्षी कळलं.) अशा मी 15 याद्यांवर सह्या केल्या. एकीवर तर "वाचून मान्य" असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं, कारण वरच्याने लिहिलं होतं.

31 मे 2014 ला आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. जूनमध्ये संस्थेने त्या सरांना पदोन्नतीचा आदेश दिला आणि मी पहिल्यांदा गुणपत्रक आणि सेवापुस्तक शेजारी ठेवून बघितलं. त्या रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

संस्थेकडे हरकत दिली. उत्तर आलं, 15 वर्षं सह्या केल्यात, आता कसली हरकत. मग शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. कुठला जिल्हा ते लिहीत नाही, तिथली माणसं आता बदललीही असतील. ज्येष्ठतेच्या वादावर निर्णय देणं हे शिक्षणाधिकाऱ्यांचंच काम आहे, नियम 12 मध्ये तसं आहे. मला वाटलं, दोन तारखा बघायला किती वेळ लागतो? 13 जुलैच्या आधी 30 जून येतो, हे पाचवीतलं पोरही सांगेल.

टेबलावरच्या बाईंनी अर्ज घेतला, चष्मा वर केला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "मॅडम, केस क्लिअर आहे तुमची. पुढच्या आठवड्यात सुनावणी लावतो. कोर्टात-बिर्टात जाऊ नका, उगाच संबंध बिघडतात." मी विश्वास ठेवला. पोचसुद्धा मागितली नाही, कारण एवढ्या गोड बोलणाऱ्या बाईंकडे पोच मागायची लाज वाटली.

सर, माझी सगळ्यांत महागडी चूक ही. त्या 15 सह्यांपेक्षाही. पदोन्नतीत डावललं तर कायद्याच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, पण मुदत आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांची. पुढचा आठवडा, त्याच्या पुढचा आठवडा, साहेब दौऱ्यावर, साहेब दहावीच्या निकालाच्या कामात, साहेबांची बदली, या सगळ्यात ते 30 दिवस कधी गेले कळलं नाही. वकिलाकडे गेले तेव्हा 70 वा दिवस होता. सबळ कारण दाखवलं तर विलंब माफ होऊ शकतो, पण "ऑफिसातल्या बाई थांबा म्हणाल्या" हे कारण कागदावर कसं मांडायचं? आणि अर्ज कुठाय? आवक रजिस्टरला नोंदच नव्हती.

दुसऱ्यांदा अर्ज दिला, यावेळी पोच घेतली. मग सुरू झाल्या त्रुटी. एकदा म्हणाले, निकालाच्या तारखेचं विद्यापीठाचं पत्र जोडा. ते आणलं तर म्हणाले, संस्थेच्या ठरावाची प्रत हवी. संस्था देईना. माहिती अधिकारात 10 रुपयांचा स्टॅम्प लावून ती मिळवली (अनुदानित शाळा माहिती अधिकारात येते, हे विसरू नका), तर म्हणाले, मूळ नेमणूक आदेशाची साक्षांकित प्रत. ती साक्षांकित करायची मुख्याध्यापकांनी, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध माझी हरकत, त्यांनीच! त्यांनी केली, बिचाऱ्यांनी. एक त्रुटी निघाली की दुसरी. सगळ्या एकदम लिहून द्या म्हटलं तर म्हणे तशी पद्धत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. या काळात कुणीतरी डोक्यात घातलं की डीएसएम असेल तर बाजू भक्कम होते. मुक्त विद्यापीठाच्या शालेय व्यवस्थापन पदविकेला प्रवेश घेतला, शनिवारी संपर्कसत्रं, रात्री स्वाध्याय, परीक्षा दिली, पहिल्या वर्गात पास झाले. प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स काढून फाईलला लावायला गेले. बाईंनी टॅग सोडला, ती झेरॉक्स अलगद काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "याचा इथं काही उपयोग नाही, फाईल जाड होते." तीन वर्षांत त्या कार्यालयाने मला सांगितलेली ती एकमेव खरी गोष्ट.

शेवटी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ज्येष्ठता कुणाची ते ठरवलं नाही, शिक्षणाधिकाऱ्यांना ठरावीक मुदतीत निर्णय द्या एवढंच सांगितलं. मग जी सुनावणी तीन वर्षं लागत नव्हती ती लागली आणि 20 मिनिटांत संपली. ऑक्टोबर 2017 मध्ये मी मुख्याध्यापक झाले. वाद चालू म्हणून त्या सरांच्या पदोन्नतीलाही तोवर कार्यालयाने मान्यता दिली नव्हती. म्हणजे ते तीन वर्षं काम मुख्याध्यापकाचं करत होते आणि पगार सहशिक्षकाचा घेत होते. चाव्यांचा जुडगा त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला, प्रत्येक चावीला चिकटपट्टी लावून कपाटाचं नाव लिहिलेलं. माणूस वाईट नव्हताच. दोघांनाही एका क्लार्कच्या तारखेने आणि एका टेबलाने नाडलं. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. 11 वर्षं मिळायची होती, साडेसात मिळाली.

असो. तुम्ही काय करावं, माझ्या मते (मी वकील नाही, नियमांत बदल होत असतात, शासन निर्णय तर आठवड्याला एक निघतो, तेव्हा ताजं तपासा):

संस्थेच्या सर्व शाळांची एकत्रित यादी लेखी मागा. स्वतःच्या नावापुढच्या तारखा गुणपत्रकाशी ताडून बघा, प्रमाणपत्राशी नको. मग तुमच्या वरच्यांच्या तारखा बघा. यात वाईट वाटून घेऊ नका, यादी त्यासाठीच फिरवतात. चूक दिसली तर आत्ता हरकत द्या, पद रिकामं व्हायची वाट बघू नका. यादीवर सही करावीच लागली तर "प्रत मिळाली, हरकत राखून" असं लिहून करा. सही प्रत मिळाल्याची असते, मान्यतेची नाही, पण पुढे कोण काय अर्थ काढेल सांगता येत नाही.

वरचे कुणी "मला नकोच ते मुख्याध्यापकपद, माहिती भरता भरता मरायचं" असं स्टाफरूममध्ये म्हणत असतील तर त्यावर विसंबू नका. हक्क सोडायचा तर लेखी लागतं, आणि अशी माणसं मे महिन्यात मत बदलतात.

गोपनीय अहवालही (तुमच्या कामावरचे वरिष्ठांचे शेरे) बघून ठेवा. "समाधानकारक सेवा" या दोन शब्दांच्या आडून काही संस्था खेळ करतात. प्रतिकूल शेरा लेखी कळवावा लागतो. कळवलेला नसेल तर तो ऐनवेळी काढता येऊ नये, पण काढतात.

तुमची नेमणूक पाचवी ते आठवीच्या गटातली असेल आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेली नसेल तर एम.एड.चा विचार बाजूला ठेवून त्या अभ्यासाला लागा. 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पदोन्नतीसाठीही टीईटी आवश्यक ठरवली आहे. त्यावर पुढे काय हालचाल होते तिकडे लक्ष ठेवा. नववी-दहावीच्या शिक्षकांना हे लागू नाही.

संस्था अल्पसंख्याक असेल तर माझं वरचं बरंचसं गैरलागू. त्यांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच मान्य केलेली आहे, ज्येष्ठतेला तिथे तेवढं वजन नाही.

आणि शिक्षणाचं म्हणाल तर एम.एड. आता दोन वर्षांचं आहे, नियमित करायचं तर रजेचा प्रश्न. बी.एड. कॉलेजात शिकवायला जायचं असेल किंवा सीबीएसईच्या शाळांत प्राचार्यपदासाठी अर्ज करायचे असतील तर पदव्युत्तर पदवीला अर्थ आहे. अनुदानित शाळेत ज्येष्ठतेसाठी म्हणून करू नका. डीएसएम जरूर करा, पण खुर्ची मिळाल्यावर किंवा मिळणार हे नक्की झाल्यावर. मला ते फाईलसाठी निरुपयोगी ठरलं, पण वेतनेतर अनुदानाचा (पगार सोडून बाकी खर्चाच्या अनुदानाचा) हिशेब आणि संचमान्यतेचे (पटावरून मंजूर होणाऱ्या पदांचे) आकडे समोर आले तेव्हा त्यातलं बरंच आठवलं. शाळा चालवताना नुसत्या ज्येष्ठतेवर भागत नाही, हेही खरं. आमच्यात काही मुख्याध्यापक असे बघितलेत की कॅशबुक क्लार्कच्या भरवशावर आणि सही कोऱ्या कागदावर. पण तो वेगळा विषय, त्यावर लिहायला बसले तर रात्र होईल.

एक बारीक सांगते. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत तुमच्याकडे असायला हवी. नसेल तर उद्याच मागा, आणि मूळ पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पेन्सिलीने केलेल्या नोंदी दिसल्या तर त्या आधी शाईने करून सही घ्या. पेन्सिलीचं काय होतं ते तुम्ही गणिताचे शिक्षक असाल तर मला सांगायला नको.

यादी मिळाली की नावं झाकून फक्त तारखांचे रकाने इथे टाका. मी आता घरीच असते, बघून सांगते.