दीड मिनिटात २१६० फ्रेम

येऊ घातलेल्या स्पेस ऑपेरा ॲनिमेंचे, म्हणजे अवकाशातल्या लढाया आणि साहसं रंगवणाऱ्या जपानी ॲनिमेशनचे, ट्रेलर कसे वाचायचे, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नवा ट्रेलर आला की मी तो चार-पाच वेळा बघतो, तरी हाताला काही लागत नाही. नीट उलगडायचा तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर : आधी हा नेमका कोणता ट्रेलर आहे ते बघा. जपानीत पहिली झलक ‘तोकुहो’ नावाने येते, बहुधा १५ ते ३० सेकंदांची. तिच्यात मालिकेतलं एकही पूर्ण झालेलं दृश्य नसलं तरी नवल नाही. मागाहून ‘पीव्ही’ (प्रमोशनल व्हिडिओ) येतात, पहिला, दुसरा, कधी पात्रागणिक एकेक. चित्रपटाच्या ट्रेलरला ‘योकोकु’ म्हणतात. तोकुहो बघून ॲनिमेशनचा दर्जा ठरवणं म्हणजे उंबऱ्यावरून घर जोखणं.

मग तीन वेळा बघा, पण तीन वेगळ्या तऱ्हांनी. एकदा सरळ. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्याकडे पाठ फिरवून, नुसतं ऐकत. चित्र आणि आवाज हे दोन वेगळे साक्षीदार आहेत आणि ट्रेलर कापणाऱ्याने त्यांना मुद्दाम एका सुरात बोलायला लावलेलं असतं. त्यांची साक्ष वेगवेगळी घ्यायची.

चौथ्या वेळी कागद घ्या. ९० सेकंदांच्या ट्रेलरमध्ये सेकंदाला २४ च्या हिशेबाने २१६० फ्रेम असतात, पण कट, म्हणजे दृश्याचे सलग तुकडे, मोजलेत तर ते पन्नासच्या आसपास भरतात. प्रत्येक कटाला एक ओळ द्या: वेळ, जागा, कोण दिसतं, गणवेश आणि हुद्द्याची पट्टी, यानावरचं नुकसान, यान पडद्यावर कोणत्या दिशेला जातंय. शेवटची तीन घरं सगळ्यात कामाची. ट्रेलरमधला क्रम संगीताच्या सोयीने लावलेला असतो, कथेच्या नव्हे. पण १२ व्या सेकंदाला नायकाच्या यानाच्या डाव्या बाजूला भगदाड आहे आणि ५० व्या सेकंदाला तीच बाजू धड आहे, असं दिसलं तर ५० व्या सेकंदाचं दृश्य बहुधा आधीचं. दुरुस्ती झाली असेल तर पत्र्याचा रंग किंवा सांधा वेगळा दाखवलाय का, तेही तपासा. गणवेशावरच्या पट्ट्यांचंही तसंच: पट्टी वाढली की काळ पुढे सरकला.

दिशेकडे नवखे लोक बघतच नाहीत. ताफ्यांच्या लढाईत कोण कोणाचा हे प्रेक्षकाला क्षणात कळावं म्हणून एक बाजू सतत डावीकडून उजवीकडे आणि दुसरी उलट हलवतात. एखादं यान अचानक उलट्या दिशेने जाताना दिसलं तर ती माघार असेल, फितुरी असेल, किंवा नुसता कॅमेरा पलीकडून लावलेला असेल. या तिन्हींपैकी एक निवडायची घाई करू नका. खूण करून ठेवा.

यंत्राची बाजू सोपी आहे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक मागे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ची कळ, पण ती फक्त पुढेच नेते.

प्रश्न : एका पीव्हीमध्ये यानं लोण्यासारखी सरकतात आणि त्याच कटात पात्रं मात्र अडखळत हलतात. स्टुडिओने पैसे वाचवलेत का?

उत्तर : अडखळणं हा दोष असेलच असं नाही. ॲनिमे सेकंदाला २४ फ्रेमने (नेमकं सांगायचं तर २३.९७६) चालतं, पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढत नाहीत. एक चित्र दोन फ्रेम धरलं की सेकंदाला १२ चित्रं, तीन फ्रेम धरलं की ८. टीव्ही ॲनिमेत तीनाचा हिशेब रोजचा आहे. यानं मात्र आता बहुतेक वेळा थ्रीडीत बनतात आणि संगणकाला प्रत्येक फ्रेम नवी काढायला कष्ट नाहीत. त्यामुळे २४ वर चालणारं यान ८ वर चालणाऱ्या चेहऱ्याशेजारी आलं की डोळ्याला खटकतं. हे जाणणारे लोक थ्रीडी यानालाही मुद्दाम दोनावर किंवा तीनावर चालवतात.

मोजणं सोपं आहे. कट थांबवा, पूर्णविरामाची कळ दाबत राहा आणि चित्र बदलेपर्यंत किती वेळा दाबावी लागली ते मोजा. २, २, २ असं आलं तर दोनावर. ३, ३, १, १, २ असं आलं तर आणखी चांगलं: कुणीतरी हालचालीचा वेग विचार करून बांधलाय, जोराच्या क्षणी चित्रं वाढवलीत.

इथे एक गफलत हमखास होते. व्हिडिओ चढवणाऱ्याने तो सेकंदाला ३० फ्रेमचा केला असेल तर दर ४ मूळ फ्रेममागे १ जादा फ्रेम घुसते आणि तुमची मोजणी विस्कटते. म्हणून आधी व्हिडिओवर उजवी क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा. रिझोल्यूशनच्या आकड्यापुढे २४ असेल तरच मोजणीवर विसंबा. दुसरी गफलत म्हणजे वेगवान हालचालीच्या मधोमध थांबवून तोंड वाकडं झालेली फ्रेम पकडायची आणि चित्र बिघडलं म्हणून बोंब मारायची. ती फ्रेम वेगाचा भास यावा म्हणून ओढून-ताणून काढलेली असते. सेकंदाच्या चोविसाव्या हिश्श्यात बघायची गोष्ट मिनिटभर निरखली तर ती कुरूपच दिसणार.

पैसे किंवा वेळ कुठे वाचवला हे बघायचंच असेल तर स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवलेले कट मोजा. ट्रेलरचा निम्मा भाग तसा निघाला तर काम अजून बरंच बाकी आहे.

प्रश्न : मिसाईलांचा लोंढा धुराच्या शेपट्या सोडत वळणं घेत येतो. त्यात चांगलं-वाईट कसं ओळखायचं?

उत्तर : या प्रकाराला ‘इतानो सर्कस’ म्हणतात. इचिरो इतानो या ॲनिमेटरवरून हे नाव पडलं आणि १९८२ च्या ‘मॅक्रॉस’ या मालिकेमुळे गाजलं. कसोटी संख्येत नाही. फ्रेमागणिक पुढे जा आणि एकच मिसाईल निवडून तिचा माग काढा. चांगल्या कामात प्रत्येकीचा स्वभाव वेगळा असतो: काही थेट लक्ष्यावर झेपावतात, काही लक्ष्य जिथे जाणार तिथे आधीच वळतात, काही मागे रेंगाळून वाट चुकतात. आळशी कामात सगळ्या एकाच वळणाच्या नकला असतात, धुराची जाडीसुद्धा सारखी. कॅमेराही लोंढ्याबरोबर पळत असेल आणि मिसाईल भिंगाच्या अगदी जवळून जाताना मोठी होत असेल, तर त्या कटावर कुणीतरी मनापासून राबलंय.

प्रश्न : यानाभोवती एक मोठं कडं फिरताना दिसतं, कृत्रिम गुरुत्वासाठी असावं. त्यावरून यानाचा आकार काढता येतो का?

उत्तर : येतो, आणि गणित तोंडी होण्यासारखं आहे. पृथ्वीइतकं गुरुत्व हवं तर कड्याची त्रिज्या मीटरमध्ये ही एका फेरीला लागणाऱ्या सेकंदांच्या वर्गाच्या जवळपास चौथाई. फेरी ३० सेकंदांची असेल तर ९०० भागिले ४, म्हणजे २२५ मीटर. फेरी ६० सेकंदांची असेल तर ९०० मीटर. ट्रेलरमध्ये पूर्ण फेरी कधीच दाखवत नाहीत, म्हणून एखादी खिडकी किंवा अंक धरून पाव फेरीचा वेळ मोजा आणि चौपट करा.

आता पडताळा. कड्याच्या बाहेरच्या बाजूला माणूस, दार किंवा खिडक्यांची रांग दिसत असेल तर एक मजला ३ मीटरचा धरून त्रिज्या चित्रावरूनच काढा. समजा ती २२५ मीटर आली आणि कडं १० सेकंदांत फिरतंय. फेरीचा वेळ तिसरा हिस्सा झाला की जोर नऊपट होतो. आतली माणसं ९ जी, म्हणजे पृथ्वीच्या नऊपट गुरुत्वाखाली चिरडतील आणि तरी हातात पेला घेऊन गप्पा मारताना दाखवलेली असतील. बहुतेक ट्रेलर इथेच पकडले जातात, कारण खऱ्या वेगाने फिरणारं कडं दोन सेकंदांच्या कटात जवळपास थांबलेलं वाटतं. २२५ मीटरच्या कड्यात दोन सेकंदांत फिरण्याचा कोन जेमतेम २४ अंश. दिग्दर्शकाने तो वाढवला तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण एखाद्या पीव्हीत हा हिशेब जुळला तर समजा की यानाचा आराखडा करणाऱ्याच्या शेजारी कुणी भौतिकशास्त्र जाणणारा बसलाय. अशा वेळी इंजिनांकडेही बघा. मुक्कामाला पोचणारं यान वेग कमी करायला शेपटी पुढे करून येत असेल, तर संशयाला जागा नाही.

प्रश्न : अवकाशयुगातले ताफे हाताच्या अंतरावरून का लढतात?

उत्तर : कारण लांबून लढले तर काढायला काही उरत नाही. १ किलोमीटर लांबीचं यान १०० किलोमीटरवरून पृथ्वीवरून चंद्र दिसतो साधारण तेवढंच दिसतं, आणि अवकाशात १०० किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. चांगल्या मालिका याला आपल्या जगातलं कारण देतात. १९७९ च्या ‘मोबाईल सूट गंडम’ने रडार निकामी करणारे मिनोव्स्की कण कल्पिले, म्हणून यंत्रमानवांना नजरेच्या टप्प्यात येऊन भिडावं लागतं. ट्रेलरमध्ये असं कारण शोधायचं तर यानाच्या नियंत्रणकक्षातल्या पडद्यांवर थांबा. खरखर दिसते का, ठिपक्यांऐवजी माणसं दुर्बिणीतून बघतायत का, आदेश आवाजाने जातायत की दिव्यांच्या खुणांनी? स्फोटांचा आवाज ऐकू येतो ही तक्रार मात्र सोडून द्या. स्पेस ऑपेरात तो माफ आहे.

प्रश्न : ट्रेलरमधला संवाद आणि त्यावेळचं दृश्य एकाच प्रसंगातलं असतं का?

उत्तर : बऱ्याचदा नसतं. हे ताडायचे दोन उपाय आहेत. पहिला, आवाजाचा पोत. हेल्मेटच्या रेडिओतून आल्यासारखा दबका आवाज आणि चित्रात दोघं एकाच खोलीत समोरासमोर, तर वाक्य दुसरीकडून आणून चिकटवलंय. दुसरा, तोंड. ॲनिमेत बोलण्याला साधारण तीन तोंडं पुरतात: मिटलेलं, अर्धं, उघडं. त्यामुळे ‘म’ किंवा ‘प’ला ओठ मिटतात का हे बघू नका, तसं कुणी जुळवत नाही. तोंड कधी हलू लागलं आणि कधी थांबलं एवढंच वाक्याशी ताडून बघा. पाठमोरं पात्र बोलत असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

स्वयंचलित भाषांतराच्या उपशीर्षकांवरून यानांची आणि पात्रांची नावं उचलू नका. परकी नावं जपानीत काताकाना लिपीत लिहितात आणि तिच्यात ‘र’ आणि ‘ल’ यांना एकच अक्षर आहे.

प्रश्न : तारे पुसट, काळ्या आकाशात पट्टे आणि स्फोट होताच पडदा मंद. स्टुडिओचा दोष की माझ्या स्क्रीनचा?

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. बारीक ठिपके आणि काळ्यातून निळ्यात जाणारी छटा, या दोन गोष्टी व्हिडिओ आवळताना सगळ्यात आधी बळी पडतात. मेनूत असेल तो सर्वांत वरचा दर्जा निवडा, तुमची स्क्रीन त्याहून लहान असली तरी. वरच्या दर्जाला यूट्यूब जास्त बिटरेट (दर सेकंदाला जास्त माहिती) देतं, त्यामुळे पट्टे कमी होतात.

मंद होणं वेगळं. १६ डिसेंबर १९९७ रोजी ‘पोकेमॉन’च्या एका भागातल्या झगमगाटाने जपानमध्ये शेकडो मुलांना त्रास झाला. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी लखलखाटावर मर्यादा घातल्या. म्हणून प्रसारणासाठी स्फोटांचे कट मुद्दाम मंद करतात आणि डिस्कवर ते बहुधा पूर्ववत होतात. टीव्हीसाठी कापलेलीच प्रत ट्रेलरला वापरली असेल तर तिथेही ते दिसतं.

प्रश्न : शेवटच्या नामावलीत काय बघायचं?

उत्तर : ‘गेन्साकु’ म्हणजे मूळ कृती. तिथे कादंबरीकाराचं किंवा मांगाकाराचं (जपानी चित्रकथाकाराचं) नाव असेल तर कथेचं अर्धं कोडं आधीच छापून झालंय. ‘कान्तोकु’ दिग्दर्शक, ‘सो-कान्तोकु’ त्याच्या वरचा मुख्य दिग्दर्शक, आणि दोघं असतील तर रोजचं काम बहुधा कान्तोकुच बघतो. ‘सिरीझ कोसेइ’ कथेची भागवार बांधणी करणारा. त्याचं आधीचं काम बघणं ट्रेलर दहा वेळा बघण्यापेक्षा उपयोगी. यंत्रं कोण आखतंय ते ‘मेका डिझाइन’मध्ये सापडेल.

एक खाचखळगा: ‘सेइसाकु’ हा शब्द दोनदा येतो, उच्चार एकच, अर्थ दोन. एक चित्रं काढणारा स्टुडिओ, दुसरा पैसा घालणारी समिती. फरक पहिल्या चिन्हात आहे: पैशाच्या सेइसाकुत त्या चिन्हाखाली वस्त्राचं आणखी एक चिन्ह जोडलेलं असतं. हे न बघता समितीलाच स्टुडिओ समजून लोक मोकळे होतात.

प्रश्न : तारखेपुढे ‘शनिवार, २५:३०’ असं आलं. छापायची चूक?

उत्तर : नाही. जपानी वाहिन्या मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच मोजत जातात. शनिवार २५:३० म्हणजे जपानी वेळेने रविवारी पहाटे १:३०, जागतिक वेळेने शनिवारी १६:३०. आधीचा शब्दही बघा: ‘होसो’ म्हणजे वाहिनीवर, ‘हाइशिन’ म्हणजे स्ट्रीमिंगवर, ‘कोकाई’ असेल तर बहुधा चित्रपटगृहात. फक्त महिना दिला असेल आणि तो जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबर असेल तर टीव्हीचा हंगाम धरा, एका हंगामाला १२-१३ भाग.

प्रश्न : जुन्या गाजलेल्या मालिकेच्या नव्या भागाचा ट्रेलर खरा की बनावट?

उत्तर : शेवटच्या चौकटीत स्वामित्वहक्काची बारीक ओळ आणि कर्मचाऱ्यांची नावं आहेत का बघा, मग तोच व्हिडिओ निर्मात्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का ते. नावं नाहीत, तारखेच्या जागी नुसतं वर्ष, आणि यानाच्या खिडक्यांची संख्या एका कटातून दुसऱ्या कटात बदलते, तर तो कुणीतरी घरी बनवलेला आहे. खिडक्या मोजाच, सलग दोन फ्रेममध्येही त्या बदलताना सापडतील.