ओव्यांवर कोणाची लेखणी चालावी?

प्रश्न : अंबाजोगाई परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या मी उतरवून घेतल्या आहेत. मी स्वतः कविता लिहितो. प्रकाशक म्हणतात, ‘बाई’, ‘गं’ यांची भरताड काढा, भाषा प्रमाण करा. स्कॉटलंडचा अठराव्या शतकातील कवी रॉबर्ट बर्न्स यानेही प्रकाशकासाठी लोकगीते सुधारली होती. हे खरे काय? मी काय करावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : बर्न्सने गीते सुधारली हे खरे, परंतु आपल्या प्रकाशकांनी साक्षीदार चुकीचा निवडला आहे. स्कॉटिश गीतांचा संग्रह काढणाऱ्या जॉर्ज थॉमसन यांनी 1792 मध्ये जुन्या चालींसाठी बर्न्सकडे शब्द मागितले, तेव्हा पहिल्याच उत्तरात बर्न्सने कळवले की, इंग्रजीच पद्ये हवी असतील तर माझ्यापुरता विषय संपला. निदान स्कॉट्स बोलीचा शिडकावा तरी हवाच. (त्याच पत्रात त्याने मानधनही नाकारले आणि जुलै 1796 मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, त्याच थॉमसनकडे पाच पौंड मागण्याची वेळ त्याच्यावर आली, तेवढ्या बाबतीत आपण त्याचा कित्ता गिरवू नये.) स्कॉटलंडने इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बॅनकबर्नच्या लढाईवरील गीताची चाल थॉमसनने बदलायला लावली, त्यासाठी बर्न्सने प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ लांबवली, पुढे मात्र खुद्द थॉमसनलाच मूळ चालीकडे परतावे लागले.

आपल्यालाही हाच धोका आहे. ‘सांगते बाई तुला’ हे शब्द छापील पानावर फालतू वाटतात, पण ओवीला अक्षरांचे पक्के मोजमाप नसल्याने गाणारी बाई याच शब्दांनी ओळ लांबवते, जात्याच्या फेऱ्याशी जुळवते आणि पुढची ओळ आठवायला उसंत मिळवते. ते काढले तर उरते ती आपली कविता. ती चांगलीही असेल, पण तिला ओवी म्हणून छापू नये.

सुधारणेला माझा विरोध नाही, ती लपवण्याला आहे. बर्न्सने ज्याला गीते पुरवली त्या जेम्स जॉन्सनच्या गीतसंग्रहात, दुरुस्ती किंवा भर घातलेल्या जुन्या गाण्यांवर झेड हे अक्षर छापले जाई. परंतु कोणती ओळ जुनी आणि कोणती बर्न्सची, हे त्या एका अक्षरावरून कळत नसल्याने अभ्यासकांना पुढे फार खटपट करावी लागली. आपण ओवी जशी ऐकली तशीच, गाणारीच्या संमतीने तिचे नाव व गाव देऊन छापावी, अवघड शब्दांचे अर्थ तळटीपेत द्यावेत आणि स्वतःच्या रचना स्वतंत्र विभागात स्वतःच्या नावाने घालाव्यात. प्रकाशकांशी होणाऱ्या करारात, मुद्रितशोधनाच्या वेळी ओव्यांच्या संहितेत शब्द बदलला जाणार नाही, हे कलम आधीच लिहून घ्यावे.