सांगलीत ‘समुपदेशक’ अशी पाटी असलेल्या मॅडम झोपेची गोळी देऊ शकतात का? पदवी कशी तपासायची?

नाही, नुसत्या एम.ए. सायकॉलॉजीवर गोळी लिहून देता येत नाही; ते काम डॉक्टरांचं, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञाचं, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (पदविका) केलेल्या डॉक्टरांचं. त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर बघा. पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, सरळ मागा, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली व्याख्याच आरसीआयमान्य पदवीवर बेतलेली आहे. टाळाटाळ झाली तर उठायचं. नुसत्या ‘डॉ.’वर जाऊ नका, ती पीएचडीही असते. मात्र घरातली कुरबुर, दहावीचं टेन्शन एवढंच असेल तर चांगला समुपदेशक पुरतो. झोपच उडाली असेल तर सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी गाठा. तोवर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे.