दाढ दुखायची थांबली, मग आता जायचं कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझी खालची उजवीकडची दाढ पंधरा-वीस दिवसांपूर्वी दुखायला लागली. आधी नुसतं गार पाणी लागलं की कळ यायची, मग रात्री आडवं झालं की ठणका, दोन रात्री तर मी अक्षरशः बसून काढल्यात. आणि गुरुवारपासून एकदम बंद! गार नाही, गरम नाही, काहीच जाणवत नाही. आमचे हे म्हणतात, झाली की बरी, आता कशाला उगाच डॉक्टरच्या हातात तोंड देतेस. खरं सांगू का, मलाही जायचं नाहीये, पण मनात धाकधूक आहे. जाऊ की नको?

उत्तर : जा. याच आठवड्यात जा. आणि तुमच्या ह्यांना सांगा की दुखणं गेलं हे खरंय, पण दाढ बरी झाली म्हणून नाही तर बहुतेक दुखणारी नसच मेली म्हणून गेलंय.

तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय ना, अगदी तसंच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग, पण त्याला जाणीव अशी नसतेच, त्यामुळे कीड तिथेच असते तोवर माणसाला पत्ताही लागत नाही. कीड आतल्या थरात उतरली की त्यातल्या बारीक बारीक नळ्यांमधून गार, गोड सगळं आत कळायला लागतं. तेव्हा कळ येते, पण पाणी गिळलं की दोन-चार सेकंदांत जाते. या टप्प्यावर आलात तर बहुतेक वेळा साध्या फिलिंगवर भागतं. पण नेमकं तेव्हाच कुणी येत नाही, कारण दुखतं कुठे फारसं!

पुढे आतली नस सुजते. पायाला सूज आली तर पाय फुगतो, दाताच्या आत मात्र चारी बाजूंनी पक्क्या भिंती, फुगायला जागाच नाही, म्हणून सगळा दाब नसेवरच. त्यात आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका सुरू. तुम्हाला बसून बरं वाटत होतं ते यामुळेच.

म्हणून मी पेशंटला किती दुखतं हे नंतर विचारते, आधी विचारते की किती वेळ दुखतं. गार लागल्यावर मनात आकडे मोजा. चार-पाचपर्यंत थांबलं तर आठवड्याभरात सवडीने या, चालेल. ३० मोजून झाले तरी कळ रेंगाळतेय, किंवा काही न लागता आपोआप दुखतंय, झोपेतून उठवतंय, गरम लागलं की वाढतंय, तर मग नस स्वतःहून बरी होण्याची आशा फार कमी, दोन दिवसही थांबू नका.

आता तुमची नस गेली असेल तर जंतू कुठे गेले? ते आतच आहेत, आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. हे कधी आठवड्याभरात कळतं, कधी कित्येक महिने गुपचूप चालतं. मग चावलं की दुखतं, दाढ जरा उंच झाल्यासारखी वाटते, हिरडीवर पुळी येते, ती फुटून तोंडात घाण चव येते, आणि पुळी फुटली की दाब उतरून परत बरं वाटतं, म्हणजे परत फसलात! एक्स-रे काढला की चित्र बरंच स्पष्ट होईल. रूट कॅनल, म्हणजे मुळांतली मेलेली नस काढून आतली जागा साफ करून भरणं, लागेल असं धरून चला, आणि मेलेल्या नसेचं रूट कॅनल म्हटलं तर बऱ्याचदा लोक घाबरतात त्याच्या निम्मंही दुखत नाही.

प्रश्न : मॅडम, दाढ दुखली की मी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या घेतो, बरं वाटतं. वर्षात तीनदा असं झालंय. यावेळी गालही थोडा सुजलाय. अजून एक कोर्स करू का?

उत्तर : नको. उरलेल्या गोळ्या हा काही कोर्स नाही. रक्तातून औषध पोचणार, आणि मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, तर औषध तिथे जाणार कसं? आजूबाजूची सूज तात्पुरती उतरते, घर करून बसलेले जंतू तिथेच. तीनदा झालं ते यामुळेच.

गाल सुजलाय म्हणताय तर आजच डेंटिस्टकडे जा. आणि यातलं काहीही असलं तर डेंटिस्टची वेळ मिळायची वाटसुद्धा बघू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत : गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड उघडत नाही, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज, डोळ्याकडे चढणारी सूज, सूज आणि सोबत ताप. जिभेखालची सूज श्वासाची वाट बंद करू शकते, मी उगाच घाबरवत नाहीये.

तोवर पॅरासिटामॉल चालेल, पाकिटावर लिहिलंय तेवढीच. आणि कृपा करून अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते, दाढ तशीच दुखत राहते आणि वर जखम.

प्रश्न : सर्दी झाल्यापासून वरच्या तीन-चार दाढा एकदमच दुखतायत, वाकलं की जास्त. सगळ्या किडल्या असतील का?

उत्तर : एकाच वेळी चार दाढा सहसा बिघडत नाहीत हो. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, अगदी खाली असतात, तिथे सूज आली की दाढाच दुखतायत असं वाटतं, आणि वाकल्यावर वाढणं ही तर त्याचीच खूण. सर्दी ओसरली की हे दुखणंही जावं. सर्दी गेली आणि एकच दाढ मागे दुखत राहिली तर मात्र दाखवा.

जबड्याचं दुखणं दरवेळी दाताचंच असतं असंही नाही. जिना चढताना किंवा दमल्यावर खालचा जबडा दुखतो, थांबलं की जातो, सोबत घाम, छातीत जड, असं असेल तर तो हृदयाचा विषय आहे, डेंटिस्ट सोडा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

आणि तिघांनाही एक सांगते, आमच्याकडे येताना पेनकिलर घेतली असेल तर किती वाजता घेतली ते आधी सांगा, कारण आम्ही दाढेवर हलकं ठोकून, गार लावून बघतो कुठली दुखतेय ते, आणि गोळीचा असर असला की चांगली आणि बिघडलेली दाढ सारखंच उत्तर देतात.