डीपीएफ जाम झाला आणि वॉरंटी नाकारली

प्रश्न : ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्याच्या डीलरकडून साडेसतरा लाखांची मिडसाइज डिझेल एसयूव्ही घेतली. लगेच बदली झाली, तेव्हापासून नाशिकला राहतो. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किमी आहे. २७ महिन्यांत गाडी ३१,००० किमी झाली. घर ते ऑफिस ६ किमी आणि महिन्यातून दोनदा पुण्याला आईवडिलांकडे, एवढाच वापर. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर) दिवा दोनदा लागला. दोन्ही वेळा इथल्या सर्व्हिस सेंटरने ‘रिजनरेशन केलं’ म्हणून गाडी परत दिली. आता चंदनापुरी घाटात गाडी लिंप मोडला गेली, ४० च्या वर पळेना. फिल्टर बदलण्याचं एस्टिमेट १,३८,००० रुपये. ‘तुम्ही शहरात चालवता, डिझेलही भेसळीचं असणार, वॉरंटीत बसत नाही,’ असं अ‍ॅडव्हायझरने तोंडी सांगितलं. पैसे भरू का? नवी गाडी मागता येईल का? ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, पंधरा हजारांत डीपीएफच काढून टाकतो.

उत्तर : आज पैसे भरू नका आणि मेकॅनिकचं तर अजिबात ऐकू नका. आधी तोंडी दिलेला नकार लेखी घ्या. तुमच्या प्रकरणात सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे. तोंडी सांगितलेलं कारण उद्या ग्राहक आयोगासमोर बदलतं. लेखी दिलं की त्यांना त्याच कारणावर उभं राहावं लागतं.

आणि ते कारण तुमच्या ओडोमीटरपुढे टिकत नाही. हिशोब करून पाहा. ऑफिसचे रोज १२ किमी, महिन्याचे २५ दिवस, २७ महिने : ८,१०० किमी. उरलेले जवळपास २३,००० किमी पुणे-नाशिक रस्त्यावरचे आहेत. जाऊन-येऊन ४२० किमी, महिन्यातून दोनदा. म्हणजे गाडी चारातले तीन भाग महामार्गावर चालली आहे. फास्टॅगचं पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट बँकेकडून काढा. शिंदे आणि हिवरगाव पावसा टोलनाक्यांच्या नोंदी तारीख-वेळेसकट येतील. डिझेलचे पैसे कार्डाने किंवा यूपीआयने दिले असतील तर त्या नोंदीही काढा, भेसळीच्या आरोपाला उपयोगी पडतील.

थोडं तांत्रिक समजून घ्या, कारण नोटीस त्यावरच उभी राहील. डीपीएफ धुरातली काजळी धरून ठेवतो. ठरावीक साठा झाला की इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा फवारून एक्झॉस्टचं तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. हेच रिजनरेशन. याला पंधरा-वीस मिनिटं सलग, एका लयीत गाडी चालावी लागते. रोजच्या सहा किमीत ती प्रक्रिया अर्धवट तुटते हे खरं. पण पंधरवड्याला चार-पाच तासांचा महामार्ग मिळूनही फिल्टर तिसऱ्यांदा भरत असेल, तर दोष बहुधा फिल्टरच्या अलीकडे आहे : अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), गळका इंजेक्टर, इंटरकूलरचा फाटलेला होज, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट किंवा एक्झॉस्ट तापमानाचा बिघडलेला सेन्सर. कधीकधी डिफरन्शियल प्रेशर सेन्सरची (फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक मोजणारा) छोटी रबरी नळी चिरते किंवा तुंबते आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, फिल्टर भरल्याचं खोटं दिसतं. किरकोळ किमतीच्या नळीपायी सव्वा-दीड लाखाचा फिल्टर बदलला जातो. मूळ कारण न शोधता नवा फिल्टर बसवला तर तोही भरेल.

म्हणून सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करा, कंपनीच्या कस्टमर केअरला प्रत ठेवा. मजकूर असा चालेल :

‘माझ्या गाडीचा डीपीएफ वॉरंटीखाली बदलण्यास आपण तोंडी नकार दिला आहे. वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या अटीनुसार नकार दिला ते लेखी कळवावं. सोबत स्कॅन रिपोर्ट द्यावा : सर्व फॉल्ट कोड व फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची इंजिनची नोंद), काजळी आणि राख यांचं ग्रॅममधलं प्रमाण, शेवटच्या यशस्वी रिजनरेशननंतरचं अंतर, अर्धवट राहिलेल्या रिजनरेशनची संख्या, आयडलवरचं डिफरन्शियल प्रेशर. इंधन भेसळीचं म्हणणं असल्यास माझ्यासमोर टाकीतून नमुना घ्यावा. गाडीचा कनेक्टेड अ‍ॅपमधला डेटा जपून ठेवावा. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’

कोडांकडे बारकाईने बघा. पी२४६३ म्हणजे काजळी साठली. पी२४२एफ म्हणजे राख साठली. राख जळत नाही, ती मुख्यतः इंजिन ऑइलमधून येते. ३१,००० किमीवर राखेने फिल्टर भरणं संशयास्पद आहे. सर्व्हिसच्या बिलांवर लो-अ‍ॅश (कमी राख करणाऱ्या) ऑइलचा मॅन्युअलमधलाच ग्रेड आहे का ते तपासा. चुकीचं ऑइल त्यांनीच भरलं असेल तर दोष तुमचा नाही. पी२४५२ ते पी२४५५ यांपैकी कोड असेल तर प्रेशर सेन्सर किंवा त्याची वायरिंग आधी तपासायला सांगा.

डिपस्टिकही काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर आणि डिझेलचा वास असेल, तर तुटलेल्या रिजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. फोटो काढा आणि गाडी चालवू नका, टो करून न्या.

भेसळीच्या नमुन्याच्या तीन बाटल्या भरून घ्या. दोघांच्या सह्या, सील, तारीख. एक त्यांची, एक तुमची, एक प्रयोगशाळेसाठी. नमुना न घेता केलेला भेसळीचा आरोप हा नुसता अंदाज ठरतो.

तिन्ही भेटींची जॉबकार्डं गोळा करा. त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत आहे का पाहा. अनेकदा तिथे नुसतं ‘जनरल चेकअप’ लिहिलेलं असतं. तसं असेल तर आजच ईमेलने दुरुस्ती नोंदवा. ‘समाधानी आहे’ या छापील ओळीखाली कोरी सही करू नका.

आता तुमची बाजू कुठे दुबळी होईल तेही सांगतो. मॅन्युअलमधलं डीपीएफचं पान आजच वाचा. दिवा लागल्यावर किती वेगाने, किती वेळ चालवायचं ते तिथे असतं. दिवा लागल्यानंतर तुम्ही कित्येक दिवस तसेच फिरला असाल, तर ते कंपनीच्या डेटात दिसेल. मला किंवा तुमच्या वकिलाला हे लपवू नका. उलट, विक्रीच्या वेळी तुमचा रोजचा वापर विचारून कोणी सावध केलं नव्हतं, ही बाब तक्रारीत नक्की लिहा. योग्य माहिती मिळणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिलेला हक्क आहे.

नवी गाडी मागावी का? मागणी पर्यायी म्हणून ठेवा, पण तिच्यावर प्रकरण उभं करू नका. मारुती उद्योगच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सुटा भाग बदलून देण्याची असेल तर जबाबदारी तिथपर्यंतच. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला, पण तिथे अपघातात एअरबॅगच उघडल्या नव्हत्या. तुमची मुख्य मागणी अशी असावी : मूळ दोष शोधून वॉरंटीत विनामूल्य दुरुस्ती, टोइंग व पर्यायी प्रवासाचा खर्च, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च.

‘प्रॉडक्ट लायबिलिटी’ (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) हा शब्द बरेच जण तक्रारीत घालतात. तुमच्या बाबतीत तो चालणार नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(२२) मधल्या ‘हानी’त वस्तूचं स्वतःचं नुकसान मोजत नाहीत. तुमचा पाया ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ हा आहे, कलम २(१०) आणि २(११).

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येईल. कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागता येते, ठाण्याला जायची गरज नाही. गाडीसाठी दिलेली किंमत ५० लाखांच्या आत, म्हणून जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या टप्प्यात फी ४०० रुपये. तक्रार ई-जागृती पोर्टलवर दाखल करता येते. ठाण्याचा डीलर, नाशिकचं सर्व्हिस सेंटर आणि उत्पादक कंपनी, तिघांना पक्षकार करा आणि प्रत्येकाने काय चूक केली ते वेगळं लिहा. टाटा मोटर्सच्या गोव्यातल्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या कृत्याचा बोजा आपोआप कंपनीवर टाकायला नकार दिला होता. तुमची वॉरंटी कंपनीने दिली आहे, त्यामुळे तिच्याविरुद्ध ठोस मुद्दा तुमच्याकडे आहे.

तक्रारीसोबतच दोन अर्ज द्या. एक, कलम ३८(२)(सी) खाली तज्ज्ञ तपासणीचा. पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था किंवा सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुचवा. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. दुसरा, कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा, म्हणजे तपासणी होईपर्यंत जुना फिल्टर आणि डेटा नष्ट होऊ नये. व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लावा.

आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. मुदत दोन वर्षांची आहे (कलम ६९), ती नोटीस पाठवल्याने वाढत नाही. नकाराच्या तारखेपासून मोजा आणि रेंगाळू नका.

गाडीवाचून अडत असेल आणि दुरुस्ती करावीच लागली, तर बिलावर ‘हक्क राखून, निषेधासह पैसे भरले’ असं लिहून सही करा, त्याची प्रत घ्या. पैसे भरल्याने दावा संपत नाही. मात्र जुना फिल्टर त्यांच्याकडे सोडू नका. त्यावरचा पार्ट नंबर आणि जाळीच्या तोंडाचा फोटो काढा, सील करून घरी ठेवा. फिल्टर सेंटरला दिला तर तपासायला काही उरत नाही.

मेकॅनिकच्या पंधरा हजारांबद्दल : डीपीएफ काढून ईसीयू रिमॅप केला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललं, की तपासणीयोग्य पुरावा गेला आणि कंपनीला वॉरंटी नाकारायला खरं कारण मिळालं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल बेकायदा आहे. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने निलंबित. त्याला नाही म्हणा आणि आजच फास्टॅगच्या स्टेटमेंटसाठी बँकेला अर्ज द्या.