भाच्याला सांगलीहून आणून अमेरिकेतल्या खासगी शाळेत नववीला घालायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही न्यू जर्सीत, बहीण सांगलीला, तिचा मुलगा सातवीत. त्याला नववीपासून इथल्या खासगी शाळेत घालायचंय, आणि तोवर व्हिजिटर व्हिसावर आणून जवळच्या सरकारी शाळेत बसवता येईल का, असंही तुम्ही विचारलंय.

शेवटचं आधी सांगते, कारण त्यात मुलाचं नुकसान आहे. तसं अजिबात करू नका. व्हिजिटर व्हिसावर शाळेत नाव घालायला मनाई आहे, आणि हे उघड झालं तर पुढचा विद्यार्थी व्हिसा अडकतो. एफ-१ विद्यार्थी व्हिसावरही सरकारी शाळेत आठवीपर्यंत प्रवेश नाही. नववीपासून पुढे मिळतो, पण जास्तीत जास्त १२ महिने आणि तोही पूर्ण खर्च स्वतः भरून. तुम्ही कोर्टातून त्याचं पालकत्व घेतलंत तरी तेवढ्यावर व्हिसा मिळत नाही. खासगी शाळेला ही वर्षाची मर्यादा नाही. फक्त त्या शाळेला परदेशी विद्यार्थी घ्यायची सरकारी मान्यता हवी, कारण तीच पुढे आय-२० हा कागद देते आणि त्यावरच व्हिसा मिळतो. गावातल्या छोट्या शाळेची चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारा.

आता माझा अनुभव. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. माझ्या दादाची मुलगी निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून न्यू हॅम्पशायरच्या एका निवासी शाळेत नववीला आली. फॉर्म, परीक्षा, व्हिसा, सुट्ट्या सगळं मी जवळून पाहिलं.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक निवासी शाळा. फिलिप्स अँडोव्हर (स्थापना १७७८) आणि फिलिप्स एक्झीटर (स्थापना १७८१) ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे इथल्या ईशान्येकडच्या राज्यांत, तशा पुष्कळ आहेत. दुसरी वाट म्हणजे त्याने तुमच्या घरी राहून जवळच्या खासगी शाळेत जायचं. न्यू जर्सीत कॅथलिक शाळा बऱ्याच आहेत, त्यांतल्या काहींना ती मान्यता आहे आणि फी निवासी शाळेच्या मानाने बरीच कमी. निवासी शाळांचा वर्षाचा खर्च आता सहज ६०,००० डॉलरच्या वर जातो. चौदा वर्षांचं पोर मामाच्या घरी राहणार असेल, तर मला स्वतःला दुसरी वाट जास्त बरी वाटते.

वेळेचं गणित असं. तो आठवीत गेला की ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये एसएसएटी ही प्रवेश परीक्षा. बऱ्याच निवासी शाळांची अर्जाची मुदत १५ जानेवारीच्या आसपास असते, निकाल १० मार्चला कळतो आणि १० एप्रिलपर्यंत होकार कळवून अनामत भरायची. म्हणजे तुमच्याकडे वर्षभर हाताशी आहे. ते इंग्रजी वाचनात घाला. एसएसएटीचं गणित आपल्या मुलांना जड जात नाही. जड जातात ते समानार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. पाठ करून तिथे निभत नाही. काही शाळा टोफेल किंवा ड्युओलिंगोची इंग्रजीची परीक्षाही मागतात.

खरी अडचण निबंधात आली. दादाने नाशिकच्या एका सल्लागाराला पैसे देऊन निबंध तयार करून घेतला होता. 'लहानपणापासून देशसेवेचं स्वप्न' वगैरे. तो वाचून मला माझीच भाची ओळखू येईना. मी तिला फोनवर म्हटलं, "हे राहू दे. काल दुपारी काय केलंस ते सांग." ती म्हणाली, "काही नाही गं आत्या, घडांना पेपर लावत होतो." थंडीत द्राक्षाचा मणी गुलाबी पडू नये म्हणून घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. ती मजुरांबरोबर कागद लावायची आणि लावता लावता त्यावरची बातमी वाचायची. बातमी अर्धीच असायची, उरलेली पलीकडच्या वेलीवर. मग ती शेवट आपल्या मनाने रचायची आणि शेजारच्या काकूंना सांगायची. तिने तेच लिहिलं, स्वतःच्या इंग्रजीत, दोन-तीन व्याकरणाच्या चुकांसकट. मुलाखतीत शाळेच्या बाईंनी वीस मिनिटं त्याच विषयावर प्रश्न विचारले.

म्हणून सांगते, कागदपत्रं तुम्ही करा, पण निबंध आणि मुलाखत त्याची त्याला करू द्या. शाळा पालकांकडूनही वेगळं लिहून मागते, तिथे बहिणीने आपल्या मुलाबद्दल जे खरं आहे ते लिहावं, त्याला काय जमत नाही तेसुद्धा. पुढे वर्गातही त्याला स्वतःच बोलायचं असतं. एक्झीटरला १९३० मध्ये मिळालेल्या देणगीतून अंडाकृती टेबलाभोवती बारा-तेरा मुलं बसवून शिकवायची पद्धत सुरू झाली, आणि आता ती अनेक शाळांत आहे. शिक्षक कमी बोलतात, मुलांनीच बोलायचं असतं. वर्गात गप्प बसणारं मूल शहाणं, असं आपण मानत आलो. तिथे बोलला नाही तर तो काय विचार करतो हेच कोणाला कळत नाही. भाचीला पहिले दोन महिने याचाच त्रास झाला.

शिफारसपत्रांसाठी बहिणीने त्याच्या सध्याच्या शाळेत लवकर जावं. इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांनी ती स्वतः ऑनलाइन भरायची असतात, पालकांना दाखवायची नसतात. आमच्या सरांनी प्रेमाने लेटरहेडवर 'विद्यार्थिनी आज्ञाधारक व होतकरू' असं लिहून, गोल शिक्का मारून दादाच्या हातात दिलं. मग मी त्यांना फोन करून विनंती केली की वर्गात घडलेला एखादा प्रसंग लिहा. त्यांनी फार सुंदर लिहिलं असणार, कारण शाळेने नंतर त्याचा उल्लेख केला.

फीची मदत हवी असेल तर अर्ज प्रवेशाबरोबरच करा. परदेशी मुलांना मदत देणाऱ्या शाळा थोड्या आहेत आणि तिथे चुरस फार. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्रात दादाचं उत्पन्न जवळजवळ दिसतच नव्हतं. सातबारा, व्यापाऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या) आणि सीएचा दाखला, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं तेव्हा कुठे शाळेला चित्र कळलं. बहिणीकडे नोकरी असेल तर हे सोपं जाईल.

प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाचा खर्च उचलता येतो हे बँकेच्या कागदांनी दाखवायचं, मग आय-२० येतो. मुलगा अल्पवयीन असल्याने त्यावर आई किंवा वडिलांची सही लागते. सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलर, व्हिसाची वेगळी, आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत. शिकून परत येणार का, हे तिथे पाहतात. त्याला पाठ केलेली उत्तरं देऊ नका. अमेरिकेत शाळा सुरू होण्याच्या ३० दिवस आधीपासूनच येता येतं, त्याआधी नाही.

लसींचं मात्र आत्ताच बघा. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात एमआर (गोवर-रुबेला) लस देतात, त्यात गालगुंडाची लस नसते. इथे एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस मागतात. कांजिण्यांची लसही आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नाही. आणि बीसीजी ही टीबीची लस घेतलेल्या मुलाची त्वचेवरची टीबी चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा रक्ताची चाचणी मागून घ्या. भाचीला शाळा सुरू होण्याआधी पंधरा दिवस धावपळ करावी लागली, ती निव्वळ या कागदांसाठी.

आणि तुमच्याबद्दल. निवासी शाळेत घातलात तरी थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाला, वसतिगृह बंद होतं, वसंताच्या सुट्टीत बंद होतं, रात्री ताप आला तर फोन तुम्हालाच येतो. दवाखान्यात संमती देता यावी म्हणून बहिणीकडून नोटरी केलेलं अधिकारपत्र लागेल. आम्ही पहिल्या नोव्हेंबरात तिला आणायला गेलो तेव्हा गाडीत बसेपर्यंत ती हसत होती. महामार्गावर आल्यावर म्हणाली, "आत्या, मला घरी पाठव." त्या चार दिवसांत मी फक्त पिठलं-भाकरी केली, तिला झोपू दिलं आणि वहिनीशी हवं तेवढं बोलू दिलं. रविवारी तिने स्वतःहून बॅग भरली. सध्या ती अकरावीत आहे.

तेव्हा परीक्षेची पुस्तकं मागवण्याआधी भाच्याशी एकदा एकट्याने बोला, आई-वडील खोलीत नसताना. त्याला यायचंय का, एवढंच विचारा. हो म्हणाला तर इथेच लिहा, कोणत्या शाळा पाहताय ते कळवा. अर्ज भरताना मी सोबत बसेन.